दैवशालाचा मुका पाव्हणा

दैवशाला नेमकं काय काम करते, हे ताडकळसमध्ये एकाच माणसाला खात्रीनं सांगता येतं, आणि ते म्हणजे तिच्या सासूबाई, भिवराबाई. "आमची सून हितं ओसरीत बसून परभणीचं कपाट उघडती," असं त्या बाजारात भेटेल त्याला सांगतात, आणि समोरच्याचा चेहरा बदलला की लगेच जोडतात, "चोरी न्हाई बाबा, नोकरी हाय!"

आणि भिवराबाईंचं काही चुकत नाही. परभणीत शेळी-मेंढीपालकांची एक कंपनी आहे. तिच्या वेबसाइटवर लसीकरणाचं शिबिर कुठं आहे, चारा-पाणी कोणत्या शिवारात आहे, असली माहिती असते. कळपामागं हिंडणारी माणसं संध्याकाळी मोबाइल उघडतात आणि उद्या मेंढरांची तोंडं कुणीकडं वळवायची ते ठरवतात. ही सगळी पानं परभणीच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर असतात. दैवशाला ती ताडकळसला बसून आपल्या एडिटरमध्ये उघडते आणि दुरुस्त करते. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम. तिचा एडिटर दिसायला धुतलेल्या पाटीसारखा. ना रंग, ना चित्र. पण परभणीतली फाइल घरातल्या डब्यासारखी हाताशी आणून ठेवतो. त्याच्याबद्दल बोलताना दैवशालाचा चेहरा असा फुलतो, जसा तिच्या नवऱ्याचा, महारुद्रचा, आपल्या बिनशिंग्या मेंढ्याबद्दल बोलताना फुलतो. दोघं एकदा सुरू झाले की जेवण थंड होतं.

ही घरबसली नोकरी मात्र अजून पक्की नव्हती. कंपनीचे अध्यक्ष बन्सीधरकाका जुन्या वळणाचे. माणूस डोळ्यांपुढं बसल्याशिवाय काम होतं, यावर त्यांचा विश्वास नाही. महिनाभर बघू, म्हणाले होते. दैवशालाला परभणीला जायचं नव्हतं. रोज एस.टी.नं जाऊन-येऊन दिवस संपणार, आणि तिथं खोली करावी तर महारुद्र काय मेंढरं घेऊन दुसऱ्या मजल्यावर राहणार?

महिना झकास गेला आणि शेवटच्या शुक्रवारी दुपारी काकांचा फोन आला.

"दैवशालाबाई, जिंतूरकडलं शिबिर दुसऱ्या गावाला हलवलंय. सगळ्या पानांवर बदला. दिवस मावळायच्या आत. न्हाई तर लोकं मेंढरं घेऊन भलतीकडंच जात्याल."

"आत्ता करते, काका."

"आन न्हाई जमलं तर सोमवारपासून हापिसात यायचं. मग तुमचं कायबी ऐकायचं न्हाई मी."

दैवशालानं रुबाबात फाइल उघडायला सांगितली. एडिटर म्हणाला, जोडतोय. ती थांबली. एडिटर जोडतच होता. भिवराबाईंचा चहा उकळून, गाळून, पिऊन झाला, तरी तो जोडतच होता. बरं, चूक झाली असं तरी म्हणावं! भांडायला समोर कुणीतरी लागतं. हा नुसता गप्प.

तिनं पदर खोचला आणि एकेक गोष्ट तपासायला घेतली. नेट? पलीकडं भिवराबाईंच्या मोबाइलवर भजनाचा व्हिडिओ न अडकता चालला होता. म्हणजे नेट ठीक. परभणीचा कॉम्प्युटर बंद? तिनं एडिटर बाजूला ठेवला आणि काळ्या पडद्यावर हातानं हुकूम टाइप करून स्वतः आत शिरायचं बघितलं. पडद्यावर ओळ आली: "राम राम पाव्हनं! कुण्या गावचं?" तिनं "ताडकळस" लिहिलं आणि सरळ आत गेली. म्हणजे कॉम्प्युटरही ठीक, दारही ठीक.

आता परभणी जिल्ह्याबाहेरचा कुणी असता तर तो इथंच दचकला असता. कॉम्प्युटर गाव कशाला विचारतोय, असं त्याच्या मनात आलं असतं. पण आपल्याकडं दारात गेल्यावर गाव विचारतात हे कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नाही, जसा श्वास ध्यानात येत नाही. दैवशालानं गाव सांगितलं आणि विसरून गेली.

त्या काळ्या पडद्यावर बसून पानं बदलता आली असती. पण इतकी पानं तिथं बदलायची म्हणजे सांडशीनं गहू निवडायचे. आणि दिवस तिकडं उतरायला लागला होता.

तिनं ऑफिसात सारंगला फोन लावला. परभणीचा कॉम्प्युटर सांभाळतो तो हा सारंग. गुणी, नम्र, आणि अशा सगळ्या लोकांसारखाच एका बाबतीत बेभरवशाचा.

"सारंगदादा, कालपासून तिकडं काय बदललंय का?"

"काही नाही, ताई."

"नीट आठवा."

"अहो, बोटसुद्धा लावलं नाही!"

हे वाक्य ऐकलं की समजावं, पाणी कुठंतरी मुरतंय. पण दैवशाला भली. तिनं एडिटर बंद करून उघडला, जुन्या जोडण्या पुसल्या, शेवटी कॉम्प्युटरच बंद करून चालू केला.

"दृष्ट काढू का गं मशिनीची?" भिवराबाईंनी मनापासून विचारलं. "मीठ-मिरच्या हायत."

"थांबा आत्याबाई. अजून एक उपाय राहिलाय. त्यानं न्हाई भागलं तर काढा."

तो उपाय म्हणजे एडिटरला सांगणं, की बाबा, परभणीच्या दारात तू काय बोललास आणि तुला कोण काय बोललं, ते अक्षरन् अक्षर इथं लिहून दाखव. ओळी धडाधड उतरू लागल्या. दार ठोठावलं. ओळख पटली. दार उघडलं. आणि सगळ्यात खाली:

"राम राम पाव्हनं! कुण्या गावचं?"

त्यापुढं काही नाही.

दैवशालानं ती ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि मग अशी हसत सुटली की भिवराबाई खरंच मिठाचा डबा घेऊन आल्या. बिचारा एडिटर! दुपारपासून परभणीच्या उंबऱ्यावर उभा. समोरून गाव विचारलंय, आणि एडिटरला कुठलं आलंय गाव?

"सारंगदादा," तिनं फोनवर विचारलं, "हे राम राम कवा बसवलं?"

"ते होय? काल. काकांचा हुकूम होता. गाव सांगितल्याशिवाय आत सोडायचं नाही म्हणाले."

"आन तुमी म्हणलाव काही बदललं न्हाई!"

"ताई, तो बदल कुठं? ते तर स्वागत आहे!" आणि मग बारीक आवाजात, "काढून टाकू का? पण काकांना तुम्हीच सांगा."

काका शेजारीच होते. फोन त्यांनीच ओढून घेतला.

"गाव इचारायचं काढायचं? अहो बाई, दारात आलेल्याला कुण्या गावचं हे इचारलं न्हाई तर ते हापिस राह्यलं का यस्टी स्टँड?"

"काढू नका, काका. मला एवढंच सांगा, तुमच्या दारात मुका पाव्हणा आला तर त्यालाबी गाव इचारत उभा ठिवता का?"

"छे छे! त्याला आधी आत घ्यायचं, पाणी द्यायचं. मुक्याला कशाला बेजार करायचं?"

"मग आपला एडिटर मुका हाय. आन लपवत बी न्हाई. येतानाच सांगतो की मी मुका हाय, मला सवाल करू नका. त्याला तेवढा जाऊ द्या."

हे अगदी खरं होतं. दूरच्या कॉम्प्युटरच्या दारात तिचा एडिटर स्वतःची ओळख 'डंब', म्हणजे मुका, अशीच करून देतो.

काका उलट तिच्यावरच डाफरले. "आधी का न्हाई सांगितलं? सोडा त्याला आत!"

दैवशाला काळ्या पडद्यातून परत आत गेली, पुन्हा एकदा गाव सांगितलं आणि स्वागताच्या वर एक ओळ लिहिली: जो मुका म्हणून येईल त्याला न विचारता आत घ्यावं, बाकी सगळ्यांना राम राम. मग एडिटरला फाइल उघडायला सांगितली. डोळ्याचं पातं लवायच्या आत फाइल समोर! एकामागून एक पानं उघडली, जुन्या गावाचं नाव निघालं, नवं बसलं. दिवस अजून बाभळीच्या वर होता.

थोड्या वेळानं जिंतूर रस्त्यावरून, त्याच शिबिराला मेंढरं घेऊन निघालेल्या महारुद्रचा फोन आला. "अगं, गाव बदललं व्हय? बरं झालं बघितलं. आमी समदे वळायलोत." मागं मेंढरांचा गलका होता. "माझ्या बायकोनं लिवलंय म्हणून सांगितलं मी सगळ्यांना," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात बिनशिंग्या मेंढ्याबद्दल बोलतानासुद्धा कधी आला नसेल असा तोरा होता.

बन्सीधरकाकांनी कौतुक म्हणून काही केलं नाही. तो त्यांचा दस्तूर नाही. सोमवारी सकाळी मात्र शेळ्या न्यायचा टेम्पो दारात येऊन थांबला. मागं दोन शेळ्यांच्या मधोमध ऑफिसातली चाकांची खुर्ची दोरीनं करकचून बांधलेली. ड्रायव्हर म्हणाला, "काकांनी पाठवलीय. बाईला म्हणावं, तिकडंच बसा, यायचं काम न्हाई."

खुर्ची शेणानं थोडी माखली होती. भिवराबाईंनी ती धुतली, उन्हात वाळवली, आणि सगळी गल्ली जमल्यावर आधी स्वतः बसून एक गोल फेरी मारली. मग गल्लीतल्या एकेकाची पाळी लागली आणि ओसरीत टेकायलासुद्धा जागा उरली नाही. त्या दिवशी दैवशालानं उभ्यानंच काम केलं.