मिठाचं तेवढं बघा

आणीबाणी उठून वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं, त्या पावसाळ्यातली ही गोष्ट आहे. श्रावण तोंडावर आला होता आणि मी देवाशी बोलणं टाकलं होतं. आमचं घर शैव. शुक्रवार पेठेतून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायचं, दर्शन घ्यायचं, दिवसभर कडक उपवास करायचा, हा माझा सोमवार वयाच्या सतराव्या वर्षापासून चुकलेला नव्हता. कचेरीत कारकुनी करताना साहेबांनी चहा पुढे केला तरी सोमवारी मी हात जोडत असे. मात्र तंबाखू उपवासाला चालते, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. ती सुटली नाही. पन्नाशी ओलांडल्यावर गालाच्या आतल्या बाजूला एक चट्टा उठला, तो बरा होईना, आणि डॉक्टरांनी त्यातला तुकडा तपासून जे नाव सांगितलं ते आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. इतकी वर्षं ज्याच्या दारात उभा राहिलो त्यानं हे का दिलं, असं मनात आलं. तंबाखूची आठवण त्या वेळी झाली नाही, हेही कबूल करतो.

गालावर आणि मानेवर किरणांचे शेक द्यायचे ठरले. दवाखान्यात सगळे त्याला ‘लाइट’ म्हणत. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. मानेवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या होत्या आणि त्या पुसायच्या नाहीत म्हणून मी सदऱ्याची कॉलर आत दुमडून फिरत असे. पहिले दोन आठवडे काही वाटलं नाही. तिसऱ्यात तोंड सोलून निघालं. लाळ सुकली, चव गेली. भात तोंडात घातला की ओला कागद चघळल्यासारखं वाटायचं, आणि वरणाला जरा तिखट लागलेलं असलं तर डोळ्यांत पाणी यायचं. त्याहून वाईट होता तो थकवा. दिवसभर राबून येणारा थकवा मला ठाऊक होता, तो झोपेनं जातो. हा झोपून उठल्यावरही तिथेच असायचा. धोतराचा काष्टा खोचताना मध्येच खाटेवर बसावं लागे. लाइट घेऊन झाल्यावर फाटकाबाहेर टांगा उभा असे, तिथवरचं अंतर मला एका दमात चालवत नव्हतं. आवारातल्या लिंबाखाली एक बाकडं होतं, त्यावर पडून राहायचो.

डॉक्टरांनी एके दिवशी वजन पाहून मला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की हे असंच उतरत राहिलं तर लाइट मध्येच थांबवावे लागतील, आणि अर्धवट घेतलेल्या उपचाराचा फारसा उपयोग नसतो. पोटात अन्न गेलंच पाहिजे, थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. मी मान डोलावली आणि घरी येऊन अगदी उलटं ठरवलं. श्रावणाचा महिना एकभुक्त राहायचं, सोमवारी पाणीसुद्धा नाही. देवाशी बोलणं टाकलं होतं, तरी त्याला नमवायचा माझ्यापाशी हा एकच मार्ग होता. माझी पत्नी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिनं पुष्कळ विनवण्या केल्या, शेवटी रडली. मी तिला म्हणालो, “माझ्याकडे द्यायला दुसरं आहे काय?” सकाळची शाळा असल्यामुळे ती माझ्याबरोबर दवाखान्यात येऊ शकत नसे. तेव्हा मी काय खातो, काय टाळतो, हे पाहणारं तिथे कुणी नव्हतं.

पहिला श्रावणी सोमवार उजाडला. दहाच्या सुमाराला लाइट घेऊन मी बाकड्यावर पडलो होतो. पलीकडे पत्र्याची शेड होती, तिथे रोग्यांचे नातेवाईक स्टोव्हवर, चुलींवर रांधत. तिथून एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे चालत आले. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, खांद्यावर रुमाल, हातात वाटी आणि चमचा. मी त्यांना आधी पाहिलं होतं. सगळे त्यांना कासीमचाचा म्हणत. लग्नाकार्यात दोन-दोनशे माणसांचं रांधणारे ते बावर्ची होते. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून आले होते आणि त्यांची पत्नी बायकांच्या वॉर्डात माझ्याच आजारानं पडून होती.

ते अदबीनं म्हणाले, “साहेब, मिठाचं तेवढं बघा की. माझा रोजा हाय, मला चाखता येत न्हाय. हिचं तोंड लई सोललंय. जास्त पडलं तर झोंबतंय तिला.”

त्या वर्षी श्रावण आणि रमजान एकाच चंद्रावर लागले होते. मी सांगितलं की माझ्या जिभेला चवच नाही, मला काय कळणार. त्यावर ते म्हणाले, “चव नगं. तुमचं तोंड बी तसलंच हाय. तुमाला झोंबलं न्हाय, तर तिला बी झोंबणार न्हाय.”

माझा उपवास आहे असं सांगायला तोंड उघडलं आणि सांगितलं नाही. सोवळ्याओवळ्याचाही विचार मनात येऊन गेला. चाचांना तो दिसला असावा, कारण विचारल्याशिवाय त्यांनी सांगितलं की भांडी नवी आहेत, दवाखान्यात आल्यापासून चुलीवर डाळ-तांदळाशिवाय काही चढलेलं नाही. पण मी वाटी घेतली ती वेगळ्याच कारणानं. दोन महिने झाले होते, सगळे मला सांभाळत होते, उठवत होते, बसवत होते. कुणाचं माझ्यावाचून काही अडलं आहे असं एकदाही झालं नव्हतं. आणि हा माणूस माझ्याकडे काम घेऊन आला होता. आजाऱ्यासाठी चमचाभर चाखलं तर उपवास मोडत नाही, असा कारकुनी अर्थ मी लावला.

मुगाची डाळ आणि तांदूळ एकजीव घोटून केलेली पातळ खिचडी होती, वर तुपाचा थेंब. कोमट. ती जिभेवर थांबली नाही, आपोआप खाली उतरली. झोंबली नाही. तसं सांगितल्यावर चाचा म्हणाले की एका चमच्यात कळत नसतं. मी दुसरा घेतला. मग ते उकिडवे बसून आपल्या पत्नीच्या दुखण्याबद्दल सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो. वाटी रिकामी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. सदतीस-अडतीस वर्षांत मोडलेला तो पहिला सोमवार. मला वाटलं होतं, फार अपराधी वाटेल. तसं काही झालं नाही. मी बाकड्यावर पडलो आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. मग रोजच. कधी ताकातली ज्वारीची आंबील, कधी रव्याची सैल खीर, कधी दह्यात कुस्करलेला मऊ भात. मला काम दिलेलं असल्यामुळे नाही म्हणता येत नव्हतं. चाचांचा हात मी बघत बसायचो. ऊन चढलेलं, पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, आणि हा सत्तरीचा माणूस पळी फिरवताना कधी घाई करत नसे. चाळणीतून गाळून घेई, बोटावर थेंब टाकून ऊब पाही. एकदा मी म्हणालो की मला चालताना मध्येच बसावं लागतं याची लाज वाटते. त्यांनी सरळ उत्तर दिलं, “बसायचं. दम आला की उठायचं. त्यात लाज कसली?” सकाळी त्यांच्याकडचं पोटात गेलं की दुपारी घरीही दोन घास जात. त्या आठवड्यात वजन उतरलं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला आणि लाइट चालू ठेवायला सांगितले.

चाचांची वाटी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी बायकांच्या वॉर्डातल्या नर्सबाईंना सहज विचारलं की चाचांच्या पत्नीला खिचडी सोसते ना, मिठाचं प्रमाण बरोबर असतं ना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “त्यांना तोंडानं काही जात नाही हो. महिना होत आला, नाकातून नळी आहे.”

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो, वाटी हातात घेतली आणि चाचांना विचारलं. ते ओशाळले नाहीत. स्टोव्हची वात खाली करून बसले आणि म्हणाले, “चाळीस वर्सं तिच्या डोळ्यासमोर रांधलं. आता चूल इझवली असती तर तिला कळलं असतं की आपलं काय खरं न्हाय. म्हणून रोज रांधतो, भांडं उशाशी नेतो, ती वास घेती. मग खायाला कुणीतरी पायजेच की. तुमी बाकड्यावर पडलेले दिसला. उपाशी माणूस मला लांबून वळखू येतो.” मग म्हणाले, “आज साहेबांनी दोन वाट्या खाल्ल्या म्हटलं की हसती ती. तुमाला बघायचंय, असं खुणेनं सांगती.”

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वॉर्डात गेलो. वाटेत दोनदा बसलो. खाटेवर एक अगदी लहानखुरी बाई होती, नाकाला चिकटपट्टीनं नळी लावलेली, डोक्यावरून पदर नीट घेतलेला. चाचांनी कानाशी वाकून सांगितलं, हेच ते साहेब. बोलता येत नव्हतं त्यांना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हाताची बोटं जुळवून तोंडापाशी नेली, आणि मग आधी एक बोट वर केलं, नंतर दोन. डोळ्यांत प्रश्न होता. ज्या बाईच्या ओठांना महिनाभर अन्न लागलं नव्हतं, ती मला विचारत होती की आज किती वाट्या खाल्ल्या. मी दोन बोटं दाखवली. त्या समाधानानं हसल्या आणि डोळे मिटून पडल्या.

घरी येऊन मी पत्नीला सगळं सांगितलं. माझा एकभुक्ताचा निश्चय केव्हाच सुटला होता, तो तेव्हा मी तिच्यासमोर सोडला. त्या संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बसवेना म्हणून खाटेवर पडूनच हात जोडले. काही मागितलं नाही, रागही आठवला नाही. इतकी वर्षं मी देवाला उपास देत आलो आणि तो देताना माझी मान किती ताठ असे, ते त्या वेळी दिसलं. घ्यायची पाळी आल्यावर मला वाटी धरायलाही दुसऱ्याचं निमित्त लागलं. तेही त्यानंच पाठवलं, असं मला वाटतं. कुणाला तसं वाटणार नाही, त्याच्याशी माझा वाद नाही.

माझे लाइट पूर्ण झाले. ईद होऊन गेल्यावर चाचा पत्नीला गावी घेऊन गेले आणि दिवाळीच्या आधी त्या गेल्या. निरोप मिळाल्यावर आम्ही दोघं जाऊन आलो. चाचा अंगणात बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. निघताना त्यांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि मांस धरलंय म्हणाले. माझी चव हळूहळू, वर्षभरानं आली. थकवा पुरता गेला नाही. दुपारी अंग सुन्न झालं की मी हातातलं काम ठेवून निमूट आडवा होतो. पूर्वी याला मी हार म्हटलं असतं. आता डोळे मिटताना त्या माउलीचा चेहरा समोर येतो, आणि आपल्याला कुणीतरी धरून ठेवलं आहे, आपण फक्त अंग सैल सोडायचं आहे, एवढंच मनात राहतं.