मोकळा प्रिंटर

दादा गेल्याचं वहिनींनी साताऱ्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी माधवनगरच्या आमच्या शाळेत वर्गावर होते. तास पुरा केला आणि निघाले. याला आता दोन महिने होतील.

माझा थोरला भाऊ साताऱ्यात तंत्रनिकेतनात शिकवायचा आणि सुट्टीत गावोगावच्या शाळांचे संगणक फुकट लावून द्यायचा. अट एकच. जी प्रणाली कुणालाही उघडून बघता येते, बदलता येते, तीच घालणार. आमच्या शाळेतही मीच त्याला आणलं, मुख्याध्यापिकाबाईंना शब्द देऊन. सगळं झकास चाललं, फक्त प्रिंटर हलेना. त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीचा, बंदिस्त. "आत काय हाय ते बघू देत न्हाईत, शैले. असलं पोरांच्या संगणकात मी घालणार न्हाई," दादा म्हणाला. दुसरा प्रिंटर मिळवून देतो म्हणाला आणि गेला. तो मिळायच्या आधी प्रात्यक्षिक परीक्षा आली.

मुलींनी पडद्यावरचं उत्तर हातानं कागदावर उतरवून काढलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "हा काय शोभेला ठेवलाय?" मुली हसल्या. मी खाली बघत उभी राहिले. मग व्हरांड्यात येऊन दादाला फोन लावला. "तत्त्वं तुझी आणि मार्क जायचे माझ्या पोरींचे, व्हय?" तो दुपारच्या एसटीनं आला. संध्याकाळच्या तुकडीआधी कंपनीचा ड्रायव्हर स्वतःच्या हातानं घातला, पहिला कागद बाहेर आल्यावर मुलींना म्हणाला, "चूक माझी हाय, तुमची न्हाई." चहासुद्धा न घेता गेला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. लिहितानाही लाज वाटते.

नंतर त्यानं तसलाच प्रिंटर घरी आणला. संगणक त्याला नेमकं काय सांगतो ते टिपून, स्वतःचा ड्रायव्हर लिहायला बसला. वहिनी म्हणायच्या, "आवं, अर्धवट छापलेल्या कागदांनी घर भरलंय, पाव्हण्यांना बसवू कुठं?" वर्षभरानं तो माधवनगरला आला, शाळेत तो ड्रायव्हर बसवला आणि त्याला 'मोकळा' असं नाव दिलं. छापायचा, पण सावकाश, आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गिळून.

"अक्षरं खातोय तुझा मोकळा," मी म्हटलं.

"खाऊ दे गं. लय भुकेला हाय. पुढं कुणीतरी सुधरील. कंपनीचा बिघडला तर त्यांच्याशिवाय कुणाला हात लावता येणार हाय?"

तेराव्याची पत्रं मी शाळेतच छापली. पडद्यावर ड्रायव्हरची दोन नावं होती, कंपनीचं आणि 'मोकळा'. मी कंपनीचं निवडलं; दादाच्या नावाचं पहिलं अक्षर गेलेलं पत्र पै-पाव्हण्यांना कसं द्यायचं? वहिनींनी पत्र हातात घेतलं, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्यांच्याच 'मोकळ्या'वर काढलंत न्हवं?"

मी हो म्हणाले.

परवा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, मुली चुकून 'मोकळा' दाबतात, कागद वाया जातात, ते नाव काढून टाका. मी बघते म्हटलं. नाव अजून तिथंच आहे... मी ते काढत नाही, आणि वापरतही नाही.