अनुमोदक कोण?

आमच्या चारीवर बाजीराव ओव्हाळनं बावीस वर्षं पाणी वाटलं. चारी म्हणजे कालव्याचा फाटा. पणदऱ्याच्या बाजूला कालव्यातून फुटतो, चार किलोमीटर आमच्या शिवारातून जातो आणि बौद्धवस्तीच्या रानात संपतो. त्यावरच्या दारांच्या चाव्या ज्याच्याकडं, तो पाटकरी. पाटकरी काही पाण्याचा मालक नसतो, पण उन्हाळ्यात त्याला आमदारापेक्षा जास्त रामराम पडतात.

मी विजयसिंह. गाव मला तात्या म्हणतं. पाणी वापर संस्थेचा सचिव, म्हणजे वही माझ्याकडं, शिक्का माझ्याकडं आणि अक्कल अध्यक्षांकडं, अशी आमची वाटणी.

बाजीराव अंगानं काटकुळा, बोलायला कमी आणि वेळेच्या बाबतीत निव्वळ कसाई. पाळी दहाला संपायची असली की दहाला दार पडलंच. एकदा माझ्या उसाच्या शेवटच्या तीन सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. म्हटलं, "बाजीराव, धा मिनटं दे."

"तात्या, ही धा मिनटं फुडच्या मानसाची हायती," म्हणाला आणि दार पाडलं. मी त्याला नको ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं, खोरं खांद्यावर टाकलं आणि पुढच्या माणसाला फोन लावत निघून गेला. हीच गत त्याच्या चुलतभावाची, भीमाची. भीमा तर महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हता.

गाव बाजीरावाला मानायचं. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. पाळीच्या दिवसांत कुणाच्याही दारी गेला तरी त्याला चहा मिळायचा. आम्हाला कपबशीतून, त्याला कागदी कपातून. "त्यांना घाई असती," असं माझी बायको रेश्मा सांगायची आणि मला ते पटायचं. घाई मलाही असायची, हे मला फार उशिरा सुचलं.

आमच्याकडं पाणी शेपटाकडून देतात. आधी चारीच्या टोकाचं रान, मग मधलं, शेवटी तोंडाशी असलेलं. तोंडाकडच्यांनी आधी घेतलं की टोकाला नुसती ओल पोचते, म्हणून ही रीत. तिचा ठराव अठरा वर्षांपूर्वी जोतीरामनं मांडला. त्याचा सोळा एकर ऊस चारीच्या अगदी तोंडाशी, तरी त्यानं मांडला, कारण तेव्हा त्याला सरपंच व्हायचं होतं. "तहानलेल्याला आधी," असं भाषणात म्हणाला. टाळ्या मीही वाजवल्या. टोकाला रान बाजीरावाच्या वस्तीचं, पण पाणी भरपूर होतं तोवर हे कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

मग २०२४ चा उन्हाळा आला. धरणानं तळ गाठलेला. आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडलेलं पाणी, सुटलं ते ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी वरूनच बंद झालं. तसा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता. टोकाचं भिजलं, मधलं भिजलं, तोंडाकडची सात घरं कोरडी राहिली. जोतीरामचा ऊस त्याच्या डोळ्यांदेखत पिवळा पडला. त्याचं दुःख खोटं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे.

पहिल्या दिवशी दूध डेअरीवर बोलणं निघालं, की बाजीरावानं वस्तीला तासभर पाणी जास्त दिलं. दुसऱ्या दिवशी तासाचे चार तास झाले. आठवड्याभरात त्याचा अख्खा दिवस झाला, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारे तिघं निघाले. त्यांतला एक त्या आठवड्यात सासुरवाडीला होता. मीच त्याला गाडीवरून एसटी स्टँडला सोडलं होतं. मी ऐकत उभा राहिलो आणि किटली घेऊन घरी आलो.

खरं काय ते मला पक्कं ठाऊक होतं. वस्तीच्या पाळीला मोजपट्टीपाशी मी स्वतः उभा होतो. वहीतले तास-मिनिटं मी लिहिलेली, खाली सही माझी. वस्तीनं एक मिनिटही जास्त घेतलं नव्हतं. उलट बाजीरावाच्या स्वतःच्या रानाला वीस मिनिटं कमी मिळाली होती, कारण नेमकं तेव्हाच वर पाचट अडकलं आणि ते काढायला हा चारीत उतरला.

सभेच्या आदल्या दिवशी तो माझ्या गोठ्यात आला.

"तात्या, मी कुनाला काय सांगत न्हाय. तुमी फकस्त वही वाचा. मोठ्यानं वाचा, बास."

"वाचतो की," मी म्हणालो. "त्यात काय एवढं."

सभा देवळाच्या मंडपात भरली. सत्तरएक माणसं होती. जोतीराम शांतपणे बोलला, आणि तेच वाईट झालं. आरडाओरडा केला असता तर कुणीतरी आडवं गेलं असतं. तो म्हणाला, "बाजीराव मानूस वाईट न्हाय. पर रगत रगताकडंच वढतं. आपन त्याच्या जागी असतो तर आपनबी तेच केलं असतं." माना हलल्या. बाजीरावाला समजून घेतल्यासारखा आव आणून त्याला चोर ठरवलं होतं, आणि ते सगळ्यांना मोठं उदार वाटत होतं.

बाजीराव मागून म्हणाला, "तात्या, वही वाचा."

मी वही उघडली. पान सापडलंही. तेवढ्यात जोतीराम हसून म्हणाला, "तात्या काय, देवमानूस. बाजीरावानं सांगितलं, त्यांनी लिवलं." सगळे हसले. आणि मी, तुम्हाला सांगायला लाज वाटते, त्यांच्याबरोबर हसलो.

मला कुणी धमकी दिली नव्हती. जोतीरामशी माझी सोयरीक नाही, भागीदारी नाही. सत्तर तोंडं एकाच बाजूला वळलेली पाहिली आणि मला एकट्यानं दुसरीकडं बघवेना, एवढंच काय ते कारण. अध्यक्ष म्हणाले, "सूचक जोतीराम. अनुमोदक कोण?" त्यांची नजर माझ्यावर थांबली, आणि माझा हात वर गेला. मग त्याच हातानं मी इतिवृत्तात लिहिलं: पाणीवाटपात पक्षपात केल्याने बाजीराव ओव्हाळ यांना पाटकरी पदावरून कमी करण्यात येत आहे.

बाजीरावानं चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. माझ्याकडं बघितलंही नाही.

चाव्या जोतीरामच्या पुतण्याकडं, ऋषिराजकडं गेल्या. शेपटाकडून द्यायचा ठराव कागदावर तसाच राहिला. पण पुढच्या पाळीपासून वस्तीला पाणी मिळायचं ते ऋषिराजच्या लहरीवर. त्याला फोन करायचा, तो उचलला तर उचलला.

बाजीराव महिन्यातून एकदा माझ्याकडं यायला लागला. शिवी नाही, आरोप नाही. दारात उभा राहायचा. "तात्या, चाव्या नकोत मला. त्यो पक्षपात शब्द त्येवढा काढून टाका." मी सांगायचो, ठराव झालाय, रद्द करायला सभा लागते, विषय अध्यक्षांनी घ्यावा लागतो. हे खरं होतं आणि मी त्याच्याआड लपलोही होतो. मग त्यानं वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स मागितली. मी दिली. ती घेऊन तो घरोघर फिरला. लोक कागद घ्यायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "बगतो निवांत."

एकदा त्याची बायको शालन एकटीच आली. "जेवता जेवता मदीच थांबत्यात," ती म्हणाली. "बोटं मोजत्यात. म्हनत्यात, कुटं चुकली का गं मोजनी माजी? तात्या, त्यांना आता सोताचाच भरवसा वाटंना झालाय." हे ऐकून मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. आम्ही त्याची नोकरी घेतली होती हे मला ठाऊक होतं, पण एवढं खोल काही घेतल्याचं ठाऊक नव्हतं.

त्याची लेक ज्योत्स्ना इंदापूरला शिक्षिका आहे. ती त्याला घेऊन जायला दोनदा आली. तो गेला नाही. मला म्हणाला, "जाईन की. पर मागं वहीत काय ऱ्हातंय? मी पळालो आसंच हुईल ते."

मी विषय दोनदा लिहून दिला. अध्यक्षांनी दोनदा खोडला. शेवटी यंदाच्या वार्षिक सभेत, चहा यायच्या आधी, 'ऐनवेळचे विषय' म्हणतात तिथं मी उभा राहिलो. साठीला आलेला माणूस मी, आणि शाळेत पाढा म्हणायला उभं केल्यासारखी अवस्था. पण वही वाचली. मोठ्यानं वाचली. प्रत्येकाचे तास, प्रत्येकाची मिनिटं. बाजीरावाची वीस मिनिटं कमी, तीही वाचली. म्हणालो, "हे मी तवाच वाचायला पायजे हुतं. भ्यालो. पक्षपात हा शब्द काढून टाकावा, असं मी सुचवतो."

जोतीराम मोबाइल बघत होता.

"अनुमोदक कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही. मी ओळीओळीनं बघत गेलो. ज्यांच्याबरोबर मी शाळेत गेलो, ज्यांच्या पोरांच्या लग्नात वाढपी होतो, त्यांनी माना खाली घातल्या. मनात काय चाललं असेल ते मला माहीत होतं, कारण मी तिथं बसून आलो होतो.

बाजीराव म्हणाला, "मी सभासद हाय. मी देतो अनुमोदन."

"सोताच्या विषयात सोताला येत न्हाय, बाजीराव," अध्यक्ष म्हणाले, आणि तेही नियमाला धरून होतं.

म्हणून मी मागं बघितलं, वस्तीकडं. टोकाच्या रानाचे अकरा सभासद दाराशी बसले होते. त्यांच्यामागं, खांबाला टेकून, ऋषिराज. येत्या सोमवारी पाळी सुटायची होती. त्या अकरांची पिकं माना टाकून उभी होती, हे मी येतानाच बघितलं होतं. "बोला की कुणीतरी," मी म्हणालो.

भीमाचा हात हलला. मांडीवरून उचलला, छातीपर्यंत आला. सगळ्यांनी बघितलं. ऋषिराजनंही बघितलं.

बाजीराव उठला, दोन माणसं ओलांडून भीमाकडं गेला आणि त्याचा हात धरून खाली केला.

"नगं, भीमा," म्हणाला. "सोमवारी पानी हाय तुजं."

भीमा रडायला लागला. बाजीराव त्याच्याशेजारीच खाली बसला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, "अनुमोदक नसल्यानं विषय सोडून देण्यात येतोय," असं सांगितलं आणि मला ते लिहून घ्यायला लावलं. मी लिहिलं.