नावाएवढी जागा

राबाच्या धुराला एक गोडसर वास असतो. वाळलेलं शेण, ऐनाच्या फांद्या, पळसाचा पाचोळा आणि त्यावर पसरलेली बारीक माती, हे सगळं एकत्र धुमसताना येणारा. ज्या तुकड्यात पुढे भाताची रोपं वाढवायची, तो तुकडा आमच्याकडे चैत्र-वैशाखात असा भाजून घेतात. मेलबर्नभोवतीच्या रानांतही एप्रिलमध्ये मुद्दाम जाळ लावतात, पुढच्या उन्हाळ्यात मोठे वणवे पेटू नयेत म्हणून. तो धूर शहरावर उतरला की माझ्या मजल्यावरचे शेजारी खिडक्या लावून घेतात. मी माझी उघडते.

आठ वर्षांपूर्वी घर सोडलं त्या सकाळी हाच वास केसांत भरून मी निघाले होते. चौक गावाहून आलेली भाड्याची गाडी अंगणात उभी होती. आईने बॅगेला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "पोचलीस की मिस कॉल दे गं. उचलनार नाय मी, पन वाजू दे." वडील गाडीच्या टायरांकडे पाहत राहिले, जणू त्यांत हवा आहे की नाही एवढाच त्या दिवसाचा प्रश्न होता. आत्या मात्र घरात नव्हती. ती शेतावर राब भाजत होती.

ठमाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी परतली, ती सोबत फक्त गळा घेऊन. भिवपुरीपासून खालापूरपर्यंतच्या लग्नांत तिला बोलावणं असायचं. आमच्या लग्नांत हळदीची गाणी सांगणारी बाई लागते, तिला धवलारीण म्हणतात; तिचे शब्द झाल्यावाचून भटजीसुद्धा पुढे सरकत नाहीत. तिने एक ओळ सांगायची आणि दुसरीने ती झेलायची, अशी रीत. दहा वर्षांची असल्यापासून मी आत्याची ओळ झेलत होते. पुढे मी एम.ए.ला कविता शिकले, वृत्तं मोजायला शिकले. पण शब्दाचं वजन तळहातावर घेऊन पाहायला शिकले ते तिच्या मांडीशी बसून.

तिची ओळ झेलणारी मी जाणार हे ठरल्यापासून आत्या माझ्याशी बोलत नव्हती. त्या सकाळी मी बांधावर गेले. ती हातातल्या काठीने विस्तव सारखा करत होती. मी वाकून नमस्कार केला. तिने पाठ फिरवली नाही, पण तोंडही माझ्याकडे केलं नाही. "आते, येते मी," असं म्हणाले. धुरातून फक्त काठीचा आवाज आला. डोंगरावरून उतरणारे वीजघराचे जाडजूड पाईप त्या दिवशी धुरामागे दिसत नव्हते. लहानपणापासून मी पहिल्यांदा तो डोंगर कोरा पाहिला.

परक्या देशात माणूस काय नेतो, याची यादी विमानतळावरचे लोक करतात. गाण्यांचं वजन त्यांच्या काट्यावर येत नाही. पहिल्या हिवाळ्यात हीटर कसा लावायचा हेही कळत नव्हतं, तेव्हा मी आत्याचं आवणीचं गाणं गुणगुणत खोलीभर फिरायचे. 'मागं मागं चाल गं बाय, पुढं हिरवं होऊ दे.' भात लावणारी बाई उलटी चालते, हे शेतावर न गेलेल्याला सांगावं लागतं. पाऊल मागे जातं आणि डोळ्यांसमोर आपणच लावलेलं वाढत जातं. मी किती वर्षं समजत होते की ही ओळ केवळ चिखलात पाय सांभाळायला आहे. पुढे ट्रॅममध्ये, अनोळखी थांब्यांची नावं पुटपुटताना, मला उमगलं की जाणाऱ्या प्रत्येकाने ती म्हणायला हरकत नाही. आपण मागे सरतो आहोत असं वाटतं तेव्हा समोर काय लावून झालं आहे ते पाहावं.

जात्यावर हळद दळतानाचं गाणं दुसरं. त्याची लय इतकी सावकाश की घाईच्या माणसाला ते म्हणताच येत नाही. खुंटा पूर्ण फिरून आल्याशिवाय पुढचा शब्द नाही. वृद्धांच्या केअर होममध्ये मला काम मिळालं आणि त्या लयीने मला तारलं. सकाळच्या शिफ्टला माझ्या रोस्टरवर अकरा माणसं असत. कुणाचा हात बाहीत जायला पाच मिनिटं लागत, कुणाचा शब्द ओठांवर यायला त्याहून जास्त. माझ्या सोबतिणी चटकन आटोपत. मी मनात जातं फिरवत बसे. तिथल्या म्हाताऱ्या मला 'स्लो गर्ल' म्हणत, आणि माझीच वाट पाहत.

तिसऱ्या गाण्याविषयी लिहिणं मी आजवर टाळलं.

हळद लागण्याआधी मांडवात नावांचं गाणं होतं. धवलारीण एकेकाला हाक घालते. 'मांडवाच्या दारी कोन गं उभं? आमचा धाकला काका, हाय का रं तू?' ज्याचं नाव आलं त्याने असेल तिथून, चुलीपासून, विहिरीपासून, 'हाय' म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय गाणं पुढे जात नाही, आणि गाणं संपल्याशिवाय हळद लागत नाही. त्यात गेलेल्यांचीही नावं येतात. आजोबांचं नाव आलं की सगळ्या बायका एका आवाजात 'हाय' म्हणतात, आणि मांडव क्षणभर भरल्यासारखा होतो.

मी गेल्यानंतरच्या माघात दादाचं लग्न झालं. सुट्टी मिळाली नाही. माझ्या धाकट्या बहिणीने, पल्लवीने, फोन मांडवाच्या खांबाला बांधला आणि मी इकडे पलंगावर नवी साडी नेसून बसले. आत्याने नावं घ्यायला सुरुवात केली. आई झाली, काका-काकू झाले, वारलेले आजोबा झाले, पल्लवी झाली. आमच्या घरात पल्लवीनंतर माझं नाव येतं, कारण मी थोरली आणि थोरलीचं नाव शेवटी, दाराला कडी घालावी तसं. मी 'हाय' म्हणायला ओठ उघडले. तेवढ्यात आवाज थांबला. वाटलं, नेट अडकलं. मग तो पुन्हा आला तेव्हा आत्या हळदीवर पोचली होती.

माझं नाव नव्हतं. मेलेल्यांचं होतं, माझं नव्हतं.

मी फोन ठेवला आणि त्यानंतर आत्यासाठी म्हणून कधी केला नाही. आईशी बोलताना मागे तिचा खोकला ऐकू यायचा. मी विचारायचे नाही, ती फोन मागायची नाही. मध्ये एकदा वडिलांच्या आजारपणात मी येऊन गेले. आत्यासमोर चहाचा कप धरला. तिने घेतला, बशीत ओतला, फुंकर मारून प्यायली. एक अक्षर नाही. मी परत निघाले तेव्हा मनातल्या मनात ते तिसरं गाणं पुसून टाकलं होतं. निदान तसं मानलं होतं.

यंदाच्या माघात पल्लवीचं लग्न ठरलं आणि मी महिन्याची सुट्टी काढून आले. गाव बदललं आहे. आमच्या बांधापलीकडे कुणाचं फार्महाउस, त्यात निळं पाणी, शनिवारी मोठ्याने वाजणारं संगीत. पण जातं ओट्यावर तिथेच होतं. दुपारी मी आणि वहिनी समोरासमोर बसून हळद दळत होतो. हात पिवळे, नाकात तो कडवट उबदार वास. न राहवून मी म्हणाले, "तुमच्या लग्नात आत्याने माझं नाव टाकलं होतं, वहिनी. आठवतं?"

वहिनीने खुंटा थांबवला. "टाकलं? कोन बोललं तुमाला?"

"मी ऐकलं ना."

"काय ऐकलंव?" ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "मी नवी नवरी, मलाबी तसंच वाटलं. मागनं इचारलं मी आत्यांना. तर मलाच झापलं. बोलल्या, मेलेल्याची ओ सगळ्यांनी देयाची असते, पन जित्याची ओ दुसऱ्यानं देयाची नसते. ती हाय तिकडं समुद्रापल्याड. हाक घातली आनि ओ आली नाय, तर तुजी हळद काय वाळवत ठेवू?"

"पण मी फोनवर होते."

"खांबाला काय बांदलंय ते त्यांना ठावं होतं का? आनि तुमी नुसतं नाव नाय ते ऐकलं. त्या तुमच्या जागी गप ऱ्हातात ते नाय ऐकलं? परत्येक लग्नात ऱ्हातात. एका नावाएवढ्या. बायका थट्टा करतात, म्हातारीला दम लागला."

मी पाच वर्षं छंदःशास्त्र घोकलं होतं. ओळीच्या मध्यात श्वासासाठी सोडलेल्या जागेला यती म्हणतात, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि माझ्यासाठी सोडलेली यती मला नेटचा दोष वाटली होती.

त्याच दिवशी ऊन कलताना हळद होती. आत्याला आता खरोखरच दमा आहे. बोलणं जमतं, ओळ ओढवत नाही. ती मांडवात चटईवर भिंतीला टेकून बसली होती. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण नावांचं गाणं कुणालाच पुरतं येत नव्हतं.

शेजारच्या काकूंनी मला कोपराने ढोसलं. "काय गं आस्ट्रेलियावाली, गळा आनलायस का तिकडंच ठेवलास?"

"कस्टमवाल्यांनी काढून घेतला असंल," दुसरी म्हणाली, आणि मांडव हसला.

आत्या हसली नाही. तोरणाच्या पानांकडे पाहत राहिली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले आणि सुरुवात केली. पहिली ओळ कापरी आली. दुसरी वहिनीने झेलली. मग शब्द आपोआप येऊ लागले, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीवरची अक्षरं वाळताना पुन्हा दिसावीत तसे. आईचं नाव घेतलं, चुलीपाशी 'हाय' उमटलं. वडिलांचं, दादाचं, काकूंचं. आजोबांचं नाव घेतलं आणि सगळा मांडव 'हाय' म्हणाला, मीही म्हणाले. या वेळी त्यात मत्सर नव्हता.

उरलं एक नाव, आत्याचं. ते मला गाळता आलं असतं. ती सोडायची तशी नावाएवढी जागा सोडून मी हळदीवर जाऊ शकले असते. कुणी बोल लावला नसता. नाव घेतलं आणि ती गप्पच राहिली, तर सगळ्यांसमोर गाणं तिथेच अडणार होतं, पल्लवी पाटावर ताटकळणार होती, आणि आठ वर्षांचा अबोला चारचौघांत कायमचा होणार होता. तुम्ही जे तिथे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे दूर आलात, त्या सगळ्यांना सांगते: घर कोणतं, असं मला आता कुणी विचारलं तर मी पत्ता सांगत नाही. जिथे आपलं नाव घेताना कुणी उत्तराची वाट पाहतं, ते घर. आणि जिथे आपण वाट पाहतो, तेही.

'मांडवाच्या दारी कोन गं उभं? आमची ठमाआते, हाय का गं तू?'

कुणी झेललं नाही. झेलायचं नसतंच. चुलीत लाकूड फुटलं. पल्लवीच्या बांगड्या हलल्या आणि थांबल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पुढे जा अशी मान हलवली. मी गेले नाही. अकरा म्हाताऱ्या माणसांनी मला थांबायला शिकवलं होतं, आणि त्यांच्याआधी जात्याच्या खुंट्याने. भिंतीशी श्वासाची घरघर वाढली, अडखळली, सावरली. तोरणावरून उतरलेली नजर सावकाश माझ्या पिवळ्या हातांवर आली, मग चेहऱ्यावर.

"हाय."