‘आहे’वरचं टिंब

करी रोडच्या आमच्या चाळीत अनुजा परुळेकर जिन्याखालच्या कोपऱ्यात बसून नव्याकोऱ्या पत्र्याला गंज आणते. आधी निळा ऑइलपेंट, त्यावर पांढरी अक्षरं, मग कडांना पॉलिश पेपर आणि मिठाचं पाणी. पाटी थेट आजेसासऱ्यांच्या काळातली दिसायला लागते. मजकूर मात्र आजचा. ‘बेल वाजवूं नये, मिस्ड कॉल द्यावा.’ ‘पाहुण्यांनीं वाय-फाय मागूं नये.’ लोक हौसेने घेतात, दिवाणखान्यात लावतात.

पूर्वी ती छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायची. छापखाना बंद पडला आणि ती पत्र्याकडे वळली. खोलीत रंगाच्या वासाने सासूला, शेवंतीबाईंना, दम लागतो, म्हणून चाळीच्या कमिटीने तिला हा कोपरा दिला. तो गेला तर काम बंद, हे ती जाणून होती. शेवंतीबाई वरून म्हणायच्या, “नवो पत्रो हाडतंस आणि गंजवतंस, येडावलंस काय गो?” अनुजा हसून ब्रश चालवत राहायची.

मग एका सकाळी चाळीच्या दारावरची जुनी पाटी गायब झाली. ‘फेरीवाल्यांस आंत येण्यास मनाई आहे.’ खरी, चिनीमातीसारखी गुळगुळीत, निळी. भिंतीवर नुसता फिकट चौकोन राहिला. जो तो जिन्याखाली डोकावून मगच वर जायला लागला.

मलाही शंका आली. का खोटं बोलू? मी तिच्याकडे चहा घेऊन गेले की आधी तिच्या पत्र्यांचा ढीग न्याहाळायची. तिच्याही ते लक्षात आलं असावं. ती ढीग माझ्याकडे सरकवून म्हणायची, “बघा काकू, निवांत बघा.” एवढी निवांत का, याचाच मला संशय.

त्याच महिन्यात दादरला तिचं प्रदर्शन होतं. गेले, आणि समोरच ती पाटी. ‘फेरीवाल्यांस आंत येण्यास मनाई आहें.’ खाली बारीक अक्षरांत, ‘डिलिव्हरीवाल्यांनीं फोन करावा.’ तेवढ्यात आमचे सेक्रेटरी, हेमचंद्र गुप्ते, मागून आले. निवृत्त हेडक्लार्क, आवाज कायम ऑफिसातला.

“बघितलंत ना वहिनी? खालची ओळ वाढवली की झाली नवी. रविवारी सभा लावतो. कोपरा रिकामा करून घेऊ.”

ते गेल्यावर मी पाटी पुन्हा वाचली. पूर्वी ‘आत’ हा शब्द टिंब देऊन ‘आंत’ असा लिहीत, ते बरोबर होतं. पण ‘आहे’वर टिंब? आमच्या पाटीवर ते नव्हतं. मराठी घेऊन बी.ए. केलंय मी, आणि ती पाटी रोज भाजी आणताना वाचलीय. जुनं दिसावं म्हणून अनुजाने हाताला येईल तिथे टिंब ठेवलं होतं. पाटी तिचीच होती, चुकीसकट.

रविवारी सभेत मी ते सांगितलं. अनुजा लाल झाली. चोरीच्या आरोपाने झाली नव्हती तेवढी.

“म्हणजे माझं चुकलंय?” तिने विचारलं.

“चुकलंय म्हणूनच सुटलीस,” मी म्हटलं. दोघीतिघी हसल्या.

“नक्कल तिची असेल,” गुप्ते म्हणाले, “पण अस्सल कुठंय? नकलेसाठी काढलीच असेल ना? पुढच्या सभेत ठरवू.”

पुढची सभा यायच्या आत गुप्त्यांच्या मुलाची, उन्मेषची, ठाण्याला वास्तुशांत झाली. गुप्त्यांनी चाळीच्या ग्रुपवर फोटो टाकले. गुरुजी, होम, सून मनवा पैठणीत. आणि मनवाच्या मागे, सोफ्याच्या वर, छान पिवळ्या दिव्याखाली आमची पाटी. मी फोटो मोठा करून शेवटचा शब्द वाचला. टिंब नव्हतं.

फोन घेऊन मी त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी फोटो बघितला, मग कॉमन गॅलरीत कोणी आहे का तेही बघितलं.

“मुलाला आवडली. पुनर्विकासात चाळ पाडल्यावर भंगारातच जाणार होती ना वहिनी?”

“मग सभेत का नाही बोललात?”

“सभेत विषय तिचा होता.”

मी तिथूनच तो फोटो ग्रुपवर परत टाकला, पाटीभोवती लाल गोल काढून. संध्याकाळी गुप्त्यांचा मेसेज आला, ‘जिन्याखालच्या जागेचा विषय मिटला आहे.’ खाली लोकांचे अंगठे. पाटीबद्दल एक अक्षर नाही. अनुजाची माफी मागायचं तर कोणाच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर कोपऱ्याला जाळीचं दार बसवून घेत होती ती. कडी, कुलूप, सगळं.

“कुलूप कशाला गं? कोण नेतंय तुझे पत्रे?”

“चावी एकच केलीय, काकू,” ती म्हणाली. माझ्या हातातला चहाचा कप तिने मला आत न बोलावता, दाराबाहेर उभ्यानेच घेतला.