जानरावांनी दुपारी दोनला पाहिलेलं घर

समुद्रकाठी घर घेणाऱ्यांसाठी हल्ली गुळगुळीत कागदावर मार्गदर्शक पुस्तिका निघतात. फुकट असतात. त्यांत स्टेशन किती मिनिटांवर, शाळा किती मिनिटांवर हे दिलेलं असतं. समुद्र नेहमी पाच मिनिटांवर असतो. ही मिनिटं कोणाच्या घड्याळातली, ते मात्र छापत नाहीत. अशी एक पुस्तिका अमरावतीला आमच्या गल्लीत जानराव खेरडे यांच्या घरी आहे. मुखपृष्ठावर सूर्यास्त आहे. जानराव गरम चहाचा कप मुद्दाम त्या सूर्यावर ठेवतात.

जानराव साठी ओलांडलेले. मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, पण त्यांना लोक ओळखतात ते नजरेसाठी. आमच्याकडे संत्र्याचा व्यापारी जमीन घेत नाही, झाडही घेत नाही. झाडावरचा तेवढ्या हंगामाचा बहार घेतो, तोडतो आणि जातो. बागेत माल किती आहे, हे तोडणीआधी तिऱ्हाईत माणसानं सांगावं लागतं. मोर्शी ते वरूड या पट्ट्यात त्यासाठी जानरावांना बोलावणं येतं. हात मागे बांधून ते ओळींमधून एकदा चालतात आणि आकडा सांगतात. शेतकऱ्याला तो कमी वाटतो, व्यापाऱ्याला जास्त. दोघंही चिडले की आकडा बरोबर आहे असं समजायचं.

त्यांची अट एकच. बाग दुपारी दोनला पाहणार.

"सकाळी साऱ्याच बागा चांगल्या दिसतेत," ते म्हणतात. "दोन वाजता पान पाहाचं. पाणी कमी असंल तं पान मान टाकते. मंग मालक कितीबी गोड बोलो."

या पद्धतीवर त्यांनी चाळीस वर्षं काढली आणि ती एकदाही फसली नाही. माणसाचा घात अशाच पद्धती करतात.

अमरावतीला उन्हाळा पूर्वीही होताच. पण पूर्वी सोबत कडुनिंब होते. आमचा रस्ता रुंद करायचा म्हणून ते तोडले, रस्ता सिमेंटचा केला आणि त्याच्या मधोमध कुंड्यांत शोभेची झाडं मांडली. एप्रिलमध्ये ती वाळतात. पावसाळ्यात नव्या कुंड्या येतात, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. मधल्या काळात सिमेंट दिवसभर तापतं आणि रात्रभर निवत नाही. याला विकास म्हणायची पद्धत आहे.

त्या विकासात जानरावांच्या पत्नी दुर्गाबाई दोन उन्हाळ्यांत दोनदा उष्माघातानं पडल्या. पहिल्यांदा वरूडला, पुतण्याच्या लग्नाच्या मांडवात. दुसऱ्यांदा स्वतःच्या स्वयंपाकघरात, आणि तेही एप्रिलमध्येच. त्या खेपेला दोन दिवस त्यांनी जानरावांना ओळखलं नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की तिसरी वेळ येऊ देऊ नका, यापुढे मे महिना यांनी इथे काढायचा नाही.

"एसी लावला नं, डाक्टरसाहेब," जानराव म्हणाले.

"मग अडचण काय?"

"लाईन दुपारीच जाते."

यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं.

धाकटा मुलगा रोहित रत्नागिरीला एका कंपनीत होता. लग्न झालेलं नव्हतं, दोन मित्रांसोबत एका खोलीत राहत होता, त्यामुळे आईला नेऊन ठेवायची सोय नव्हती. त्यानंच ही पुस्तिका पाठवली. समुद्राकडे तोंड करून उभी राहिलेली सात मजली इमारत, निम्मी भरलेली, निम्मी विकायची. दवाखान्यातून घरी आल्यावर आठवड्याभरात जानराव दुर्गाबाईंना घेऊन दोन गाड्या बदलत रत्नागिरीला पोचले.

बिल्डरचा माणूस श्रेयस म्हणून होता. पंचविशीचा, इस्त्रीचा, हसरा. त्यानं फोनवर सांगितलं, "काका, सकाळी या, उजेड छान असतो, फोटो छान येतात."

"मी दोन वाजता येईन," जानराव म्हणाले.

श्रेयसनं पलीकडून इतक्या आनंदानं होकार दिला, की दुसऱ्या कोणाला संशय आला असता.

चौथ्या मजल्यावरचा पश्चिमेचा फ्लॅट. जानरावांनी भिंतीला तळहात लावला. थंड. गच्चीसारखी लांब बाल्कनी, समोर खाडी, पलीकडे समुद्र आणि तिथून सरळ घरात शिरणारा वारा. अमरावतीला त्या घडीला पत्र्यावर पापड भाजले असते. दुर्गाबाई रिकाम्या फरशीवर टेकल्या, मग पदर उशाला घेऊन आडव्या झाल्या, आणि झोपल्या. तासभर. जानराव बाल्कनीच्या दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी श्रेयसला बाहेर नेलं आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारला.

"दुपारी दोनले असंच राहते काय?"

"असंच, काका. याहून थंड."

हे खरं होतं, आणि त्याच्याइतकं बेइमान खरं मी अलीकडे ऐकलेलं नाही. मे महिन्यात दुपारी समुद्राचा वारा अगदी जोरात असतो. ज्या घडीला वऱ्हाडातल्या बागेचं पितळ उघडं पडतं, त्याच घडीला तिकडचं घर नटूनथटून बसतं. इमारतीच्या मागे पाण्याचा टँकर उभा होता. तो जानरावांना दिसला. बांधकामाचा असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि टोकन देऊन मोकळे झाले. करारनाम्याची नोंदणी जुलैत ठरली.

जुलैत ते दोघं आणि रोहित त्या फ्लॅटच्या दाराशी पोचले, तर दार उघडेना. फुगून चौकटीत बसलं होतं. श्रेयसनं खांदा लावला, मग रोहितनं लावला. आत गेल्यावर वास आला. मे महिन्यात जानरावांनी जिथे तळहात लावला होता, तिथे भिंतीवर हिरवट काळी बुरशी पंज्याएवढी पसरली होती. बाल्कनीतून पाऊस आडवा येत होता. तो वरून पडत नव्हता, समोरून चालून येत होता, आणि हॉलच्या मधोमध त्याचं तळं साचलं होतं.

"थोडं सीपेज आहे," श्रेयस म्हणाला.

"थोडं?" जानरावांचा आवाज जिन्यात घुमला. "हे थोडं हाय? यात मी धान लावू काय?"

"काका, कोकण आहे. पाऊस तर येणारच ना."

"म्या तुले का इचारलं होतं?"

"तुम्ही विचारलंत, दुपारी दोनला असंच असतं का. मी म्हटलं, असंच. पावसाचं तुम्ही विचारलंतच नाही."

जानरावांनी मनगट त्याच्या नाकासमोर धरलं. "किती वाजले?"

श्रेयसनं पाहिलं. "दोन वाजून पाच मिनिटं."

"मंग? असंच हाय काय?"

"मे महिन्यातले दोन म्हणालो होतो मी, काका."

"लेका, तुमच्या गावात दोन बी दोन परकारचे वाजते काय!"

आवाज ऐकून समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली. तिचं नाव जुईली. तिचा नवरा बोटीवर असायचा आणि ती तीन वर्षं याच मजल्यावर राहत होती. तिनं तिघांना आपल्या घरात बसवलं. तिच्या बाल्कनीवर वरपासून खालपर्यंत निळा प्लास्टिकचा कागद ताणून बांधला होता आणि तो वाऱ्यानं सारखा फडफडत होता. हॉलमध्ये दोऱ्यांवर कपडे, ते चौथ्या दिवशीही ओले. कपाटाच्या फटीतून उजेड येत होता.

"लाईट राहिला वाटते आतमंदी," दुर्गाबाई म्हणाल्या.

"नाही हो काकू, मुद्दाम लावते. बल्ब ठेवला नाही तर साड्यांना बुरशी येते." जुईलीनं चहा ठेवला. "जून ते सप्टेंबर हा समुद्र बघायचा नसतो, झाकायचा असतो. आमच्याकडे घर घ्यायचं तर जुलैत बघतात, ते पण पश्चिमेचं टाळून. मेमध्ये बघायला फक्त बाहेरचे येतात. आणि मेमध्ये विहीर आटते, मग टँकर. एक दिवसाआड."

"तो टँकर," जानराव म्हणाले.

त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत ते पलंगाच्या कडेला पाठ ताठ करून बसून राहिले. श्रेयसवरचा राग त्यांना पेलण्यासारखा होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बागांच्या खऱ्याखोट्याचा निवाडा केलेला माणूस एका पोरसवदा पोऱ्याच्या खऱ्या उत्तरानं फसला, हा राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. नोंदणीची वेळ दुसऱ्या दिवशी अकराची होती.

"बाबा, सगळेच घेतात," रोहित म्हणाला. "आपण वॉटरप्रूफिंग करून घेऊ. ग्रिल लावू."

"तू चूप बस. त्याची जाहिरात करू नको."

"मग आईला पुढच्या मेमध्ये कुठं ठेवायचं?"

सही केली तर बुरशी गळ्यात पडणार होती. नाही केली तर पुढचा मे अमरावतीत, आणि डॉक्टरांनी सांगितलेली ती तिसरी वेळ. जानरावांनी रोहितकडे रागानं पाहिलं, कारण रागावण्यासारखं दुसरं कोणी खोलीत नव्हतं.

"अवो," दुर्गाबाई म्हणाल्या, "एक सांगा. तुमी जिंदगीभर लोकायच्या बागा पाह्यल्या. व्यापारी कधी झाड इकत घेते काय?"

"झाड कावून घेईन थो? बहार घेते."

"मंग तुमी कावून झाड घेऊन राह्यले?"

दुर्गाबाई थांबल्या नाहीत.

"मले पावसाळ्यात इथं काय कराचं हाय? मले आपलं घर हाय. तीन मईने काढाचे हायत, तेवढे भाड्यानं घ्या."

"भाड्यानं?" ते उसळले. "खेरड्यायच्या घरची बाई भाड्याच्या घरात राहीन? लोक का म्हनतीन?"

"लोकायले इथं कोन ओळखते? मले मालकी नाई पायजे. मले मे मईना पायजे. आन् टँकरचं मले सांगू नका. मी अकोल्याची हाय. आमच्याइकडं नळ कवा येते ते देवाले ठाऊक नसते. एका दिवसाआड पाणी म्हनजे राजाचं राज्य झालं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जानराव नोंदणीला गेले नाहीत. ते बिल्डरच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, टोकन परत द्या, आणि रिकाम्यातला एक फ्लॅट मला एप्रिल ते जून भाड्यानं द्या. साहेब एसीत बसले होते. त्यांनी सांगितलं, की कंपनी भाड्यानं देत नाही आणि टोकन परत करत नाही. दुसरी गोष्ट पावतीच्या मागे छापलेली आहे. होती. पानाआडचं संत्रं वीस पावलांवरून हेरणाऱ्या माणसाला ती चष्मा लावूनही वाचता आली नाही. रोहितनं मोबाईलवर फोटो काढला, मोठा केला आणि वाचून दाखवली.

"इतकं बारीक कोन छापते?" जानरावांनी विचारलं.

"सगळेच छापतात," साहेब म्हणाले. हेही खरं होतं.

घर जुईलीनं मिळवून दिलं. तिच्या बरोबर खालचा फ्लॅट मुंबईच्या एका माणसाचा होता. तो फक्त गणपतीत यायचा आणि किल्ली तिच्याकडे असायची. फोनवर बोलणं झालं. पुढच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेला, मृग बहाराची संत्री तोडून झाल्यावर, जानराव आणि दुर्गाबाई दोन गाद्या, एक कुकर आणि ज्वारीचं पीठ घेऊन त्या इमारतीत उतरले. टँकर सुरू झाल्यावर दुर्गाबाईंनी रांगेत आठ दिवसांत शिस्त लावली. त्या मे महिन्यात त्या कुठेही पडल्या नाहीत. अमरावतीत तेव्हा पारा शेहेचाळीसवर होता आणि दुपारी लाईन जात होती.

जानरावांना मात्र तीन महिने काम नव्हतं. ज्या माणसाचा राग चाळीस वर्षं बागांत वाटला जायचा, त्याला तो एका जागी वापरायची संधी मिळाली. रोज दुपारी ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन फाटकाशी बसत. गाडी येई, नवरा-बायको उतरत, हातात पुस्तिका असे. जानराव उठून नमस्कार करत. फार नम्रपणे.

"घर पाहाले आले काय?"

"हो."

"जुलैत पाह्यलं काय?"

"नाही. का?"

"काही नाई. चौथ्या मजल्यावर एक बाई हाय. तिच्या कपाटात लाईट कावून जळते ते इचारा अन् मंग सही करा."

बहुतेक लोक विचारत. श्रेयस धावत बाहेर यायचा. "काका, आत बसा ना. ऊन आहे इथे."

"याले ऊन म्हनते काय रे? आमच्याइकडं या, दाखवतो."

"काका, तुम्ही आमची गिऱ्हाइकं तोडताय."

"म्या काय खोटं सांगतलं? तू सांगतो तसंच खरं सांगून राहिलो."

साहेबांनी वॉचमनला पाठवलं. जानरावांनी त्याला भाडेकराराची प्रत दाखवली आणि बारीक अक्षरं नीट वाच म्हणून सांगितलं. मग साहेब पोलिसांचं नाव घेऊ लागले. जुईलीनं खाली येऊन विचारलं, की काका नेमका कोणता शब्द चुकीचा बोललेत ते तक्रारीत लिहा, म्हणजे आम्ही बावीस कुटुंबं सही करतो. तक्रार झाली नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात श्रेयस स्वतः फाटकाशी आला. हसू उरलं नव्हतं, इस्त्री होती. त्यानं पाकीट पुढे केलं. टोकनचा चेक होता, पुरा.

"साहेब म्हणाले, विशेष बाब म्हणून. आता झालं ना काका?"

जानरावांनी चेक उलटसुलट पाहिला. मागच्या बाजूला काही छापलेलं नाही याची खात्री करून घेतली आणि बंडीच्या खिशात घातला. एवढ्यात एक पांढरी गाडी वळली. आतून एक म्हातारा आणि त्याची काठी टेकत चालणारी बायको उतरली. जानराव उठले. श्रेयसला वाटलं, आता खुर्ची उचलून आत नेतील. त्यांनी ती फाटकाच्या आणखी जवळ सरकवली आणि म्हाताऱ्या बाईला म्हणाले, "बसा बाई. पयले बसा. घर कुठं पळून नाई चाललं."