उतारा

उतारा म्हणजे तहसिलीत जमिनीची नक्कल, वैद्याकडे विषावरचे औषध. अकोल्याच्या जिनिंगवरचा पारखी मात्र माझा कापूस बोटांनी पिंजून चारचौघांत मालकाला म्हणे, "शेटजी, उतारा कमी हाये." म्हणजे रुई कमी निघणार. माझे डोके फिरे.

माझी मुलगी तापाने फणफणली, तेव्हा तोच न बोलावता घरी आला. तिच्यावरून भाकरी ओवाळून म्हणाला, "हा बी उताराच. तिठ्यावर ठेवून येतो. मांगून आवाज देऊ नका." मी दिला नाही. मुलगी बरी झाली.

पुढच्या हंगामात तो पुन्हा म्हणाला, "उतारा कमी हाये." मी पुन्हा भांडलो. मुलीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

यंदा तो नाही. नवा पारखी माझ्या कापसाची तारीफ करतो आणि मला ती खरी वाटत नाही.